नौका आपली, सुटे भाग कुणाचे?

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तेथे हौतात्म्य आले. माथेरानला जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचे नाव कर्जत तालुक्यात आजही घराघरांत घेतले जाते. त्यांच्या शौर्याची गाथा सर्वांना ठाऊक असते. त्यांनी शत्रूचे कोणते मर्म हेरले होते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

१९४२ च्या आंदोलनात कोतवालांच्या आझाद दस्त्याने कोणत्याही छावणीवर हल्ला केला नाही, मुंबईच्या बंदरातील एखाद्या जहाजाकडेही डोळा ठेवला नाही. त्यांनी पाडले ते विजेचे मनोरे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून वीज निर्माण केली होती. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि रेल्वे चालत. युद्धात गुंतलेल्या साम्राज्याचे बाहू मुंबईत असले तरी त्या बाहूंना रक्त पुरवणारी नाडी कर्जत-खालापूरच्या रानातून जात होती. कुठल्याही मोठ्या सामर्थ्यामागे एक लांब, उघडी आणि दुर्लक्षित पुरवठ्याची साखळी असते, आणि तिची एक कडी निखळली की पुढचे सारे बळ जागच्या जागी थांबते, हे त्या तरुणाने ओळखले होते.

कोतवालांनी शत्रूच्या बाबतीत केलेला हा हिशेब स्वतंत्र भारताने स्वतःच्या बाबतीत केला आहे काय? हा प्रश्न आज उपस्थित करण्यास निमित्त आहे ते भारतीय नौदलाच्या नव्या फ्रिगेट नौकांचे.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते ‘निलगिरी’ ही क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट नौदलात दाखल झाली. तिच्याबरोबर ‘सुरत’ ही विनाशिका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडीही होती. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. त्याच वर्षी २६ ऑगस्टला विशाखापट्टणम येथे ‘उदयगिरी’ आणि ‘हिमगिरी’ या तिच्या दोन भगिनी एकाच दिवशी सेवेत आल्या. पहिली मुंबईची, दुसरी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीची. ‘प्रकल्प १७ ए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वर्गात एकूण सात नौका आहेत. प्रत्येकीची लांबी सुमारे १४९ मीटर, वजन सुमारे ६,६७० टन. ब्राह्मोस क्षेपणास्त्रे त्यांच्यावर आहेत. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या संरचना विभागाचा आहे आणि सुमारे पंचाहत्तर टक्के घटक स्वदेशी असल्याचे सांगितले जाते. कोणाही भारतीयाची मान ताठ व्हावी असेच हे यश आहे. त्यात कुणी खोट काढू लागला तर तो करंटेपणाच ठरेल.

परंतु युद्धनौका काही सोहळ्यापुरती नसते. तिचे आयुष्य तीस-पस्तीस वर्षांचे असते. त्या काळात तिच्यावरील हजारो पंप, झडपा, बेअरिंग, सील, विद्युतपट्ट्या, पंख्यांची पाती, रडारमधील इलेक्ट्रॉनिक पट्टिका झिजतात, जळतात, तडकतात. खारे पाणी आणि खारा वारा कुणाचीही गय करीत नाही. नौका घेताना एकदाच मोजलेली किंमत वृत्तपत्रांत छापून येते. पण तिला आयुष्यभर जगवण्यासाठी लागणारा खर्च हळूहळू, दुरुस्तीमागून दुरुस्तीत, कुणाच्या लक्षात न येता होत राहतो. ज्याच्या हातात तिचे सुटे भाग, त्याच्या हातात ती नौका अर्धीमुर्धी असतेच.

हे केवळ अनुमान नव्हे. भारतीय फ्रिगेट नौकांचा पूर्वेतिहासच ते सांगतो.

आजच्या निलगिरीला जिचे नाव लाभले ती पहिली ‘निलगिरी’ ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. माझगाव गोदी सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली होती. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत व्यापारी जहाजांची डागडुजी करणाऱ्या त्या गोदीला ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाची फ्रिगेट बांधण्याचे काम देण्यात आले. देशात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. आराखडा ब्रिटिश, तांत्रिक साह्य व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांचे. बाहेरून आलेले कागद समोर ठेवून मुंबईच्या कामगारांनी पोलादाचे पत्रे वाकवले, वेल्डिंग शिकून घेतले, चुका केल्या आणि सुधारल्या. १९८१ पर्यंत निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी अशा सहा नौका तयार झाल्या. प्रत्येक नौकेगणिक भारतीय घटकांचे प्रमाण वाढत गेले. ही वाटचाल अभिमानास्पद होतीच. पण तिच्यात एक अडचणही दडलेली होती. पहिल्या नौकेवर ब्रिटिश रडार होते, पुढच्यांवर हॉलंडच्या सिग्नाल कंपनीचे आले. शेवटच्या दोघींची मागची बाजू तर मोठ्या हेलिकॉप्टरसाठी नव्यानेच रचावी लागली. म्हणजे एका वर्गातील सहा भगिनी म्हणाव्यात, तर एकीचे दागिने दुसरीच्या अंगाला येतीलच असे नाही. भांडारपालाच्या दृष्टीने ही डोकेदुखी किती मोठी, हे जहाजावर नोकरी केलेला कुणीही सांगेल.

१० डिसेंबर १९८३ रोजी आलेल्या ‘गोदावरी’ने ही डोकेदुखी दुप्पट केली आणि तरीही ती भारतीय नौदलाच्या इतिहासातील सर्वांत धाडसी नौकांपैकी एक ठरली. लिअँडरचाच सांगाडा वाढवून भारतीय अभियंत्यांनी स्वतः रेखलेली ती पहिली क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट. तिच्यावर क्षेपणास्त्रे सोव्हिएत, रडार व अन्य यंत्रणांत डच आणि भारतीय, पाणतीर सोडण्याची साधने इटलीची, हेलिकॉप्टर ब्रिटनमध्ये बनलेले सी-किंग. इंग्रजी परंपरेच्या जहाजांवरील वीज ४४० व्होल्ट व ६० हर्ट्झची, तर सोव्हिएत यंत्रांना लागणारी वीज ३८० व्होल्ट व ५० हर्ट्झची. शीतयुद्धाच्या काळात जी राष्ट्रे एकमेकांकडे संशयाने पाहत होती, त्यांची शस्त्रे एकाच नौकेवर एकाच विद्युतजालात नांदवण्याचे काम भारतीयांनी केले. १९८६ मध्ये गोदावरी न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय नौकासंचलनात गेली. १९८८ मध्ये मालदीवमधील उठावानंतर ओलिस घेऊन पळणारे जहाज अडवण्यात तिचा वाटा होता. २३ डिसेंबर २०१५ रोजी ती निवृत्त झाली. तिच्या मागून आलेल्या ‘गंगा’ आणि ‘गोमती’ अनुक्रमे २०१८ आणि २०२२ मध्ये गेल्या. चौतीस वर्षे सेवा दिलेल्या गोमतीला जगवणारे हात कुणाचे होते, त्यांची नावे कुठल्याही शिलालेखावर नाहीत.

दूर देशांवर विसंबलेल्या या जुळवाजुळवीची किंमत १९९१ च्या डिसेंबरात कळली. सोव्हिएत संघ कोसळला. त्याआधी एका मंत्रालयाशी बोलणी केली की भागत असे. आता एक कारखाना रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, तिसरा आणखी कुठल्या प्रजासत्ताकात. रुपयांतील व्यवहार संपला. कुणी डॉलर मागू लागले, कुणी कारखानाच बंद केला. नौदल गोदीत अशा वेळी जो उपाय केला जातो तो सर्व सैन्यदलांना परिचित आहे. दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या एका जहाजाचा भाग काढायचा आणि समुद्रावर निघालेल्या दुसऱ्या जहाजाला बसवायचा. घरात एकच चष्मा आणि वाचणारे दोघे, अशातला हा प्रकार. जहाजांच्या दुरुस्तीला होणाऱ्या विलंबाची एक कारणमीमांसा म्हणून सुट्या भागांच्या अनुपलब्धतेची नोंद महालेखापरीक्षकांच्या अहवालांतही आली आहे.

दुसरा धडा १९९८ चा. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. त्याचा फ्रिगेट नौकांशी काय संबंध, असे वाटेल. संबंध होता. गोदावरीसारख्या नौकांच्या पाठीवरून उडणारी सी-किंग हेलिकॉप्टरे ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीची. पण त्यांच्यातील काही घटक अमेरिकन. ब्रिटनशी भारताचे भांडण नव्हते. तरीही अमेरिकन घटकांचा पुरवठा थांबला आणि हेलिकॉप्टरांचा ताफा लंगडा झाला. पाणबुडी शोधणारा फ्रिगेटचा डोळा म्हणजे हे हेलिकॉप्टर. म्हणजे विक्रेत्याशी मैत्री असून भागत नाही. विक्रेत्याच्या विक्रेत्याचीही मर्जी राखावी लागते.

निर्बंध २००१ मध्ये उठले. पुढे अमेरिकेशी संबंध सुधारले, २००८ मध्ये अणुकरारही झाला. आता असे प्रकार घडणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना २००९ ने उत्तर दिले. माझगाव गोदीत ‘शिवालिक’ या नव्या वर्गाची पहिली फ्रिगेट पूर्णत्वास येत होती. तिच्यासाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची एलएम २५०० गॅस टर्बाइन आली होती, पैसे दिले होते, यंत्रे जहाजात बसली होती. अमेरिकेत सरकार बदलले आणि तेथील परराष्ट्र खात्याने कंपनीला फर्मावले की भारतीय नौकेवरील काम तूर्त थांबवा. कुठलाही निर्बंध नव्हता, कुठलेही भांडण नव्हते. केवळ काही देशांशी असलेल्या करारांचा पुनर्विचार करायचा होता. काही काळाने परवानगी मिळाली आणि २९ एप्रिल २०१० रोजी शिवालिक नौदलात आली. याच वर्गासाठी लागणारे विशेष पोलाद रशियाकडून वेळेवर न मिळाल्यानेही काम रखडले होते. त्या अडचणीतून मात्र काहीतरी भले निघाले. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने जहाजबांधणीचे पोलाद विकसित केले, भारतीय पोलाद प्राधिकरणाने ते तयार केले आणि त्या पोलादातून पुढे ‘विक्रांत’सारखी विमानवाहू नौका उभी राहिली. ज्या दिवशी रशियन पत्रा आला नाही, त्या दिवसाचे आभार मानावेत काय, असा प्रश्न मनात येतो.

तथापि या सर्व कथांहून बोलकी कथा आहे ती ‘तलवार’ वर्गाची.

१९९७ मध्ये भारताने रशियाशी तीन फ्रिगेट बांधण्याचा करार केला. सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीतून २००३-०४ मध्ये ‘तलवार’, ‘त्रिशूल’ आणि ‘तबर’ आल्या. पुढे कालिनिनग्राडच्या यांतार गोदीतून २०१२-१३ मध्ये ‘तेग’, ‘तरकश’ आणि ‘त्रिकंड’ आल्या. नौका उत्तम; तबरने एडनच्या आखातात सागरी चाच्यांविरुद्ध गाजवलेली कामगिरी २००८ मध्ये जगाने पाहिली. कागदावर विक्रेता एकच, रशिया. पण या नौकांना पळवणारी गॅस टर्बाइन बनत होती युक्रेनमधील मिकोलाइव शहरी, झोर्या-मशप्रोएक्त या कारखान्यात. सोव्हिएत काळात ते एकाच देशाचे दोन प्रांत होते, म्हणून ही विभागणी कुणाला खटकली नव्हती. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे बंद केले. यांतार गोदीत रशियाच्या स्वतःच्या नौदलासाठी याच जातीच्या नौकांचे सांगाडे उभे होते, ते इंजिनाविना तसेच पडून राहिले. जगातील एक प्रबळ लष्करी सत्ता, आणि तिला स्वतःच्या फ्रिगेटसाठी इंजिन मिळेना!

ते सांगाडे अखेर भारताने घेतले. २०१६ च्या समझोत्यानुसार चार नौका ठरल्या : दोन रशियात पूर्ण करायच्या, दोन गोवा शिपयार्डमध्ये बांधायच्या. टर्बाइन भारताने युक्रेनकडून स्वतः विकत घ्यायची आणि रशियन गोदीला पुरवायची, असा मार्ग काढण्यात आला. दोन शत्रूंच्या मध्ये उभे राहून एकाचे हृदय दुसऱ्याने घडवलेल्या देहात बसवण्याचा हा व्यवहार. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले, मिकोलाइववर तोफा-क्षेपणास्त्रांचा मारा झाला. तरीही ९ डिसेंबर २०२४ रोजी ‘तुशील’ आणि १ जुलै २०२५ रोजी ‘तमाल’ कालिनिनग्राडला भारतीय नौदलात दाखल झाल्या. भारतीय मुत्सद्देगिरीचे हे कसब वाखाणण्यासारखेच. गोव्यात ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ यांचे जलावतरणही अनुक्रमे २०२४ आणि २०२५ मध्ये झाले.

पण मुत्सद्देगिरीने इंजिन एकदा मिळते. तीस वर्षे लागणारी त्याची पाती, ज्वलनकक्ष आणि बेअरिंग तिने दरवेळी मिळतील काय? तलवार वर्गाच्याच नव्हे, तर माझगाव गोदीत बांधलेल्या दिल्ली, कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गांच्या विनाशिकांच्या पोटातही याच मिकोलाइवची टर्बाइन फिरत आहेत. म्हणजे भारतीय आरमाराच्या आघाडीच्या नौकांपैकी मोठ्या संख्येने नौका एका युद्धग्रस्त शहरातील एका कारखान्यावर विसंबून आहेत. पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने या कारखान्याच्या भारतीय शाखा-कंपनीत हिस्सा घेतला आहे, ही दिलासा देणारी घडामोड आहे. मात्र ती युद्ध पेटल्यावर सुचली. वीस वर्षे आधी सुचायला हवी होती.

येथे स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीही आत्मपरीक्षण करणे इष्ट. परकीयांनी अडवले की आपण संतापतो. पण घरच्यांनी वेळ पाळली नाही तर काय? गोदावरीनंतरच्या ‘ब्रह्मपुत्रा’ वर्गाच्या नौका गार्डन रीच गोदीत बांधल्या गेल्या. त्यांच्यावर त्रिशूल हे स्वदेशी विमानवेधी क्षेपणास्त्र बसवायचे ठरले होते. ते वेळेत सिद्ध झाले नाही. २००० साली ब्रह्मपुत्रा नौदलात आली तेव्हा तिच्यावर ते अस्त्र नव्हते. शेवटी इस्रायलचे बराक घ्यावे लागले. स्वदेशी हा शब्द उच्चारल्याने लोखंडाला धार चढत नाही. नौदलातील अधिकारी जहाजाचे तीन भाग सांगतात : तरंगणे, चालणे आणि लढणे. तरंगण्यासाठी लागणारे पोलाद, सांगाडा, नळ, केबल यांत भारताने नव्वद टक्क्यांच्या आसपास मजल मारली आहे. चालण्यात, म्हणजे इंजिनांत, ती साठच्या घरात येते आणि लढण्यात, म्हणजे शस्त्रे व संवेदकांत, पन्नासच्या आसपास. नव्या निलगिरीची टर्बाइनही अमेरिकन आराखड्याचीच आहेत. हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती बंगळुरूत जुळवते. ‘पंचाहत्तर टक्के स्वदेशी’ हा आकडा ऐकताना उरलेले पंचवीस टक्के कोणते, हेही विचारले पाहिजे. देहाचे पंचाहत्तर टक्के वजन आपले आणि हृदय उसने, असा तो हिशेब असू शकतो.

हे सारे मुंबईच्या बंदराचे आणि दिल्लीच्या मंत्रालयाचे विषय, कर्जत-खालापूरच्या माणसाने त्यात काय करावे, असे कुणास वाटेल. त्याचे उत्तर खालापूर तालुक्यातच रसायनी येथे आहे.

रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० च्या डिसेंबरात स्थापन झाली. रंग, औषधे, रबर यांना लागणारी रसायने देशात बनावीत हा हेतू. पुढे स्वस्त आयातीपुढे तिचा टिकाव लागेना, तोटा वाढत गेला आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. जमीन विकायची, कामगारांना निवृत्ती द्यायची, सर्व ठरले. पण एक विभाग बंद करता येईना. तो होता डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. हे द्रव्य इस्रोच्या अग्निबाणांत इंधन पेटवण्यासाठी लागते आणि देशात ते बनवणारी ही एकमेव कंपनी होती. तेव्हा तेवढा विभाग, त्यातील कामगारांसह, इस्रोकडे सोपवण्याचे ठरले. श्रीहरिकोट्याहून झेपावणाऱ्या अग्निबाणाची दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्याच्या ज्वाळेतील एक घटक पाताळगंगेच्या काठावरून जात होता? ताळेबंदाच्या चष्म्यातून पाहिले तर तो तोट्यातील कंपनीचा एक लहान विभाग. कोतवालांच्या डोळ्यांनी पाहिले तर तो विजेचा मनोरा. सुदैवाने कुणीतरी तो पाडण्याआधी नीट पाहिला.

असे मनोरे आणखी किती आहेत, याची यादी कुणाकडे आहे काय?

खोपोलीत १९६० च्या दशकात महिंद्रांनी फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या साह्याने मिश्र पोलादाचा कारखाना काढला. आज त्यावर जपानच्या सान्यो स्पेशल स्टीलचे नाव आहे. गिअर, बेअरिंग, आसांसाठी लागणारे कठीण पोलाद तेथे साठ वर्षे वितळते आहे. त्याच्या आसपास घडाई, यंत्रण, उष्णोपचार करणारी वर्कशॉप वाढली. मोटारगाड्यांचे भाग बनवण्यात हा पट्टा मुरलेला आहे. आणि बोरघाट चढून वर गेले की लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’, नौदलाच्या अभियंत्यांची शाळा. १९४५ पासून तेथे जहाजाची यंत्रे चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात घडत आहेत. घाटाच्या वर दुरुस्ती शिकणारा, घाटाच्या खाली पोलाद घडवणारा. मध्ये अंतर फार तर पाऊण तासाचे. कर्जत-खोपोलीची लोकल मुंबईला जाताना घाटकोपरवरून जाते, जेथे नौदलाचे सुट्या भागांचे प्रचंड भांडार आहे. भूगोलाने इतकी सोय करून ठेवली असता व्यवहार का जुळत नाही?

कारणे भावनिक नाहीत, अगदी रोकडी आहेत. मोटार कंपनी एका गिअरचे लाख नग मागते. नौदलाला एका पंपाच्या चक्राचे सहा नग हवे असतात, पुन्हा पाच वर्षांनी चार. त्या सहा नगांसाठी साचा करायचा, धातूची प्रमाणपत्रे आणायची, धक्के आणि कंप यांच्या चाचण्या द्यायच्या, निविदेत सर्वांत कमी दर भरायचा आणि मग बिलाची वाट पाहायची. लहान उद्योजकाच्या दृष्टीने यात मान आहे, धान्य नाही. त्यातही मोठा अडसर रेखाचित्रांचा. परदेशी कंपनी यंत्र विकते, त्याची तपशीलवार रेखाचित्रे विकत नाही. आणि खरेदी करणारेही त्यांचा आग्रह धरीत नाहीत, कारण त्याने किंमत वाढते. मग झिजलेला भाग समोर ठेवून मोजमापे घ्यायची, धातू कोणता ते प्रयोगशाळेत तपासायचे, असा उलट्या दिशेचा प्रवास करावा लागतो. तो भारतीय कारागीर उत्तम करतो. पण जे पैसे देऊन हक्काने मिळवता आले असते, ते तर्काने शोधत बसण्यात वर्षे जातात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नौदलाने २०१५ ते २०३० या काळासाठी स्वदेशीकरणाचा आराखडा केला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सृजन’ हे संकेतस्थळ निघाले. पूर्वी परदेशातून आणल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी त्यावर आहे आणि कोणताही उद्योजक त्यातील वस्तू बनवण्याची तयारी दाखवू शकतो. आयात बंद करावयाच्या वस्तूंच्या सूचीही त्याच वर्षापासून प्रसिद्ध होत आहेत. दिशा योग्य आहे. मात्र सूचीत नाव येणे आणि खोपोलीच्या वर्कशॉपला सहा नगांची मागणी येऊन तिचे पैसे वेळेवर मिळणे, या दोहोंत बोरघाटाएवढी चढण आहे. कर्जतला गाडीला मागून जोड-इंजिन लागते, तेव्हा ती घाट चढते. लहान उद्योगालाही तसा रेटा लागतो. सातही नौकांना लागणाऱ्या एकाच जातीच्या भागांची पंधरा वर्षांची मागणी एकत्र करून दिली, तर सहाचे साठ नग होतील आणि साच्याचा खर्च निघेल. चाचणीचा खर्च सरकारने उचलला, तर नवखा उद्योजकही पुढे येईल. सर्वांत स्वस्त तोच चांगला हा निविदेचा नियम निदान युद्धनौकेच्या मर्मभागांना तरी लावू नये. समुद्राच्या मध्यावर झडप तडकली तर वाचलेले पाचशे रुपये कामास येत नाहीत.

आपल्याकडे जुन्या नौका जपण्याची हौसही कमी नाही. ‘बेतवा’ २०१६ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोदीत कलंडली, दोन नौसैनिक प्राणास मुकले. तिला सरळ करून पुन्हा समुद्रावर नेण्यात आले. ‘ब्रह्मपुत्रा’ला जुलै २०२४ मध्ये गोदीतच आग लागली आणि एका नौसैनिकाचा बळी गेला. त्यांची तिसरी भगिनी ‘ब्यास’. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या युद्धनौका आता जगात फारशा बांधल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांची यंत्रे सांभाळणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी सुमारे ३१३ कोटी रुपयांचा करार केला : ब्यासच्या पोटातील वाफेची यंत्रणा काढायची आणि तिच्या जागी डिझेल बसवायचे. भारतीय नौदलात असा प्रयोग प्रथमच होत आहे. भाग मिळत नाहीत म्हणून नौका भंगारात घालण्याऐवजी तिचे हृदयच बदलण्याचे हे धाडस गोदावरीच्या परंपरेला शोभणारे आहे.

नव्या निलगिरीची पहिली मोठी दुरुस्ती काही वर्षांनी येईल. तेव्हा माझगावच्या गोदीत तिच्या झिजलेल्या भागांची एक जाडजूड यादी निघेल. प्रत्येक ओळीपुढे पुरवठादाराचा पत्ता लिहिण्यासाठी एक रकाना असेल. त्यातील किती रकान्यांत ऑग्सबर्ग, सिनसिनाटी किंवा मिकोलाइव लिहिले जाईल आणि किती रकान्यांत खोपोली, रसायनी, कर्जत, हे त्या दुरुस्तीच्या वेळी ठरणार नाही. आज ज्या खरेदीपत्रांवर सह्या होत आहेत, त्यांच्या शेवटच्या पानांवर रेखाचित्रांच्या हक्काचे कलम आहे की नाही, यावर ते ठरून चुकलेले असेल.